मधल्या वजनाचं विवर

कुकरची झालेली शिट्टी दुसरी की तिसरी, हे त्रिवेणीला आठवेना. ती ओट्याशी उभी होती, हातात मेथीची जुडी होती, पण डोळे होते पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपवर. कालपासून चाललेली आकडेमोड आत्ता कुठे संपली होती आणि स्क्रीनवरच्या गोंगाटाच्या खुरट्या, गवतासारख्या रेषेतून एकच काटा सरळ वर आला होता. मंगळवारची सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. वसमत रोडवरच्या शाळेच्या रिक्षा कधीच निघून गेल्या होत्या. राजशेखर, तिचा नवरा, कृषी विद्यापीठाच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेला होता. तिचा अकराचा तास होता. आणि हा काटा. तिने आधी गॅस बंद केला, मग मेथी ताटात ठेवली, हात पुसले, आणि दुर्बिणीची निम्मीच नोंद घेऊन तीच आकडेमोड तेवढ्या जागेपुरती पुन्हा लावली. काटा आला. उरलेली निम्मी घेतली. काटा त्याच जागी, जरा बुटका, पण तिथेच. शून्य पूर्णांक आठ सात सेकंद. ती हळूच खाली फरशीवर बसली, पाठ गॅसच्या टाकीला टेकवून. फरशी जानेवारीची, गार होती. कुणीतरी मागून हाक मारावी आणि वळून पाहिलं तर कुणीच नसावं, असं काहीसं झालं होतं तिला. फक्त इथे उलटं होतं. जिथे कुणीच नाही असं तिने आठ वर्षं छातीठोकपणे सांगितलं होतं, तिथे कुणीतरी होतं. दर शून्य पूर्णांक आठ सात सेकंदांनी ते उजेड टाकत होतं. आणि हे सगळं विद्यार्थ्यांमुळे झालं होतं. एम.एस्सी.च्या वर्गाला सराव म्हणून, ‘बघा, असं शोधलं तरी इथे काही सापडत नाही’ हे दाखवायला, तिने ती आकडेमोड लावली होती.

त्या वस्तूचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता, आकाशातला पत्ता. पण ती आणि तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक धम्मशीला मॅडम त्याला ‘आपलं विवर’ म्हणत. एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांवरच्या एका लहानशा दीर्घिकेत, तिच्या एका फाट्याच्या टोकाला, ते होतं. एवढं अंतर म्हणजे त्या दोघींच्या हिशेबात शेजारची गल्लीच. साध्या दुर्बिणीतून तिथे काहीच दिसायचं नाही. पण क्ष-किरण टिपणारी दुर्बीण, जी उपग्रहावर बसून पृथ्वीभोवती फिरते, तिला ते असं दिसायचं की बाकी सगळी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडावी. सूर्य सगळा मिळून जेवढा उजेड देतो त्याच्या पन्नास लाख पट, आणि तोही नुसत्या क्ष-किरणांत. एवढा उजेड कुणाला परवडतो? एखादी जड वस्तू भोवतालचा वायू ओढून घेते, पडता पडता तो वायू तापतो आणि झळाळतो. पण झळाळीलाही जोर असतो. ती वायूला बाहेर ढकलते. म्हणजे वस्तू जेवढी जड तेवढाच उजेड तिला पेलतो. त्याच्या पलीकडे गेलं की येणारा घास उजेडच मागे लोटतो. त्या मर्यादेवरून कमीत कमी वजन काढायचं. भोवतीच्या वायूच्या तबकडीचं तापमानही कमी भरत होतं, आणि जड विवराची तबकडी थंडच असते. सगळं जुळत होतं. तिच्या प्रबंधात आकडा होता दोन हजार सूर्यांचा. दहा-वीस सूर्यांची लहान कृष्णविवरं सगळ्यांना ठाऊक होती, दीर्घिकांच्या पोटातली लाखो-कोटी सूर्यांची अवाढव्य विवरंही ठाऊक होती; मधली, शंभर ते काही हजारांच्या वजनाची, कुणाच्याच हाताला धड लागत नव्हती. तिच्या आणि मॅडमच्या हाताला लागलं होतं, असं सगळे म्हणत होते. पण विवराला पृष्ठभाग नसतो. जिथे दिवा टांगायला खुंटीच नाही, ते ठोक्याला ठोका लुकलुकणार कसं? ठोका देतो तो तारा. मेलेला, आवळून आवळून वीस-बावीस किलोमीटरचा झालेला, दीड सूर्याचा तारा. दोन हजार नव्हे, दीड.

अकराच्या तासाला तिने विजेचा भार साठवणारं धारित्र शिकवलं. फळ्यावर तिचा हात चालत होता आणि डोक्यात आकडा ठोके देत होता. तास सुटल्यावर ती भिंतीवरच्या तक्त्यापाशी थांबली. तो मुलांनी विज्ञान दिनाला केला होता. वर तिचा फोटो, खाली नारिंगी कड्याचं काळं चित्र; ते चित्र तिच्या विवराचं नव्हतंच, कुठल्या तरी दुसऱ्याच, अवाढव्य विवराचं होतं, पण मुलांना ते आवडलं होतं आणि तिने तेव्हा काही म्हटलं नव्हतं. शेजारी वर्तमानपत्रातलं कात्रण: ‘पालमच्या लेकीनं शोधलं मधलं कृष्णविवर’. हेच कात्रण तिच्या वडिलांनी लॅमिनेट करून पालमच्या दुकानात लावलं होतं, मोटारींच्या तांब्याच्या तारांच्या बंडलांच्या वर. आई, सिद्धम्मा, जिवंत होती तेव्हा हसायची: “रात्री उठून दुर्बीण बघत न्हाईस, दिवसा जेवून-खाऊन कॉम्प्युटरवर बसतीस, कसली गं तू ताऱ्यांची डॉक्टरीन?” तिला सांगून पटलं नव्हतं की हे तारे दिवसाही तेवढेच चमकतात, आणि त्यांचा उजेड कणाकणाने, प्रत्येक कण आला त्या वेळेसह, वहीत लिहिल्यासारखा नोंदलेला असतो. आता त्या नोंदीतच हे निघालं होतं. खरं म्हणजे कुणालाच कळलं नसतं. जगात त्या दीर्घिकेकडे बघणारी माणसं किती? वीस? त्यातली या एका ठिपक्याकडे बघणारी? तिने त्या दिवशी, बुधवारी आणि गुरुवारीही कुणाला काही सांगितलं नाही. राजशेखरने विचारलं, “अंगात कणकण आहे का?” तर ती म्हणाली, “नाही, पेपर तपासायचेत.” तिने स्वतःला समजावलं की अजून एकदा पडताळावं. पडताळलं. पुन्हा एकदा पडताळावं. पडताळायला आता काही उरलंच नव्हतं. योगायोगाने असा काटा येण्याची शक्यता कोटीत एकसुद्धा नव्हती. तरी ती म्हणत राहिली, बघू नंतर.

तिला भीती लोकांची नव्हती. कात्रणाची तर नव्हतीच. भीती होती ती गंगाखेडच्या एका घराची, जिथे धम्मशीला मॅडम निवृत्त होऊन राहायला आल्या होत्या. पंधरा वर्षांपूर्वी हैदराबादच्या संस्थेत मुलाखतीला गेली तेव्हा त्रिवेणीला इंग्रजीत तीन वाक्यं धड बोलता आली नव्हती. समोर पाच जण बसले होते. एकाने प्रश्न विचारला, तिला उत्तर येत नव्हतं, आणि ती रडवेली होऊन क्षमा मागायला लागली. तेव्हा टोकाला बसलेल्या, आखूड केसांच्या बाईने मधेच मराठीत विचारलं, “पालमला कुठं राहता?” बाकी चौघे चमकले. “बस स्टँडच्या मागं,” ती म्हणाली. “मग घाबरायचं काय एवढं? माहीत नाही म्हणा आणि गप बसा. माहीत नाही म्हणायला माफी कशाला लागते?” हे पहिलं जे शिकवलं मॅडमनी, तेच शेवटपर्यंत पुरलं. सात वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. टायफॉइड झाला तेव्हा मॅडमनी तिला वसतिगृहातून उचलून स्वतःच्या घरी नेलं, एकवीस दिवस मऊ भात कालवून दिला, आणि ताप उतरल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर, “तो आलेख पूर्ण झाला का?” दुपारी चारच्या चहाला त्या दोघी मराठीत बोलत, आणि चहावाला युसुफ दखनीत तोंड घालायचा. मॅडम गंगाखेडच्याच. त्यांच्या घरात त्यांच्या आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि त्या तिथून निघून परदेशात जाऊन, तिथल्यांना त्यांच्याच भाषेत खोडून काढून आल्या होत्या. तीस वर्षं त्या एकच गोष्ट म्हणत आल्या होत्या: “लहानातून एकदम अवाढव्य होत नाही कुणी. मधे कुणीतरी असतंच. तुम्हाला दिसत नाही म्हणून ते नाही, असं म्हणू नका.” एका परिषदेत एक गोरा म्हातारा सगळ्यांसमोर हसला होता त्यांच्यावर. नंतर जेव्हा त्रिवेणीचा निबंध छापून आला, तेव्हा मॅडमनी त्याची एक प्रत काढून त्या म्हाताऱ्याला टपालाने पाठवली होती, वर काहीही न लिहिता. हे सांगताना त्या अशा हसल्या होत्या की त्रिवेणीला वाटलं, या बाईच्या हसण्यासाठी आपण अजून सात वर्षं काढू.

शनिवारी सकाळी ती परभणीच्या स्टँडवर गंगाखेडच्या एसटीत बसली. खिडकीची काच हलत नव्हती, अर्धी उघडी तशीच राहिली होती, आणि गार वारा गालावर एकाच जागी लागत होता. राजशेखरला तिने आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “मॅडमना फोनवर नको सांगू.” एवढंच. त्याचं हेच तिला बरं वाटायचं, तो मातीसारखाच तपासून बोलायचा. गाव मागे पडलं, तुरीची काढलेली रानं आली, ज्वारीचा हिरवा-पिवळा पट्टा आला. पुढे ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या होत्या आणि एसटी त्यांच्या मागे मागे रांगत होती. तेवढ्यात फोन वाजला. वडील, सिद्रामप्पा. ते पालमला चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी गुंडाळत आले होते. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. दर शनिवारी सकाळी दुकान उघडलं की त्यांचा फोन यायचा.

“कुठं हाईस गं?”

“गंगाखेडला जायलेय, अप्पा. मॅडमकडं.”

“जाय, जाय. माझा शरणार्थ सांग त्यांना. अन् विवर कसं हाय?”

हा प्रश्न ते आठ वर्षं विचारत आले होते, गोठ्यातल्या म्हशीबद्दल विचारावं तसा. आणि ती दर वेळी म्हणायची, बरं हाय. आज तिने खिडकीबाहेर पाहिलं. ट्रॉलीतून एक ऊस निसटून रस्त्यावर पडला.

“अप्पा, ते विवर न्हाई निघालं.”

तिकडे काहीतरी ठोकण्याचा आवाज येत होता तो थांबला. “मग काय निघालं?”

“मेलेला तारा हाय. लहानसा. परभणीत ठिवला तर पोखर्णीच्या जरा म्होरं जाईल, एवढाच.”

“अन् वजन?”

“दीड सूर्याचं.”

“एवढ्याशात?” ते म्हणाले. “मग आता कसं कळालं तुला?”

“फिरायलाय तो. दर फेरीला एकदा आपल्याकडं उजेड टाकायलाय.”

“आरपीएम किती?”

तिला हसू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा. शेजारी बसलेल्या बाईने तिच्याकडे पाहिलं. तिने मनातल्या मनात भागाकार केला. “एकोणसत्तर.”

“लय हळू हाय. आपला छताचा पंखा तीनशेच्या वर जातो.” मग विचार करून, “पर एवढं वजन घिऊन एकोणसत्तर म्हंजे… बेरिंग कोणतं घातलंय त्याला?”

“बेरिंग न्हाई, अप्पा. अधांतरी हाय.”

“अधांतरी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा काही आदर आला की तिने फोन कानाला आणखी घट्ट लावला. “मग विवरापरीस हेच भारी हाय की गं. विवर काय, नुसतं आ करून बसलेलं. ही तर चालू मशीन हाय.”

“पर तुमी साऱ्या पालमला सांगून बसलाव.”

“मग? सांगू की पुन्हा. म्हणू, आधी वरून पाहून सांगितलं होतं, आता खोलून पाहिली. मोटार खोलल्याबिगर कळती का कुणाला?” ठोकण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. “मॅडमला वाईट वाटंल का गं?”

“तेच तर,” ती म्हणाली.

पोखर्णीचा फाटा आला. नृसिंहाच्या दर्शनाला आलेली काही माणसं उतरली, नारळ-फुलांच्या पिशव्या सांभाळत. इथवर यायला बसला पाऊण तास लागला होता. तारा इथून जरासा पुढे संपतो, तिच्या मनात आलं, एवढाच तो. आणि एवढ्याशा अंगाने, स्वतःच्या वजनाला परवडतो त्याच्या शंभर पट उजेड तो टाकत होता. मर्यादा मोडून. हे कसं शक्य आहे, हे तिला ठाऊक नव्हतं, कुणालाच नीटसं ठाऊक नव्हतं. आणि त्या न कळण्याचा एक बारीकसा आनंद, पाच दिवस दाबून ठेवलेला, तिच्या पोटात हलला. तिला त्याची लाजही वाटली. ज्या बाईचं घर मोडायला आपण निघालो आहोत, तिच्या दारात असा आनंद घेऊन कसं जायचं? गोदावरीचा पूल आला. पाणी थोडं होतं, वाळूच्या पट्ट्यांमधून वाट काढणारं. तिने लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मॅडमचं घर नदीकडे जाणाऱ्या उताराच्या रस्त्यावर होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात गवती चहा. मॅडम बाहेर खुर्ची टाकून ज्वारीचा हुरडा निवडत होत्या. एकोणसत्तर वर्षांच्या. तिला एकदम हा आकडा जाणवला आणि तो तिने झटकून टाकला. “ये गं. चप्पल आत घे, कुत्रं पळवतं,” त्या म्हणाल्या. मग तिच्या तोंडाकडे पाहून, “राजशेखर बरा आहे ना? अप्पा?” “सगळे बरे आहेत. अप्पांनी शरणार्थ सांगितलाय.” “त्यांना माझा जय भीम सांग. बस. आधी चहा, मग जे काय आणलंयस ते.” चहा झाला. कपबशी खाली ठेवून त्रिवेणीने लॅपटॉप उघडला. वाटेत तिने चार वाक्यं ठरवली होती, अगदी हळूहळू सांगायची. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. तिने नुसता आलेख समोर धरला. मॅडमनी चष्मा लावला. खुरटी रेषा, एक काटा. चाळीस वर्षं असले आलेख पाहिलेल्या बाईला काय सांगायचं होतं? त्यांनी हे काय म्हणून विचारलं नाही. कुठला तारा, कुठली नोंद, काही नाही. फक्त म्हणाल्या, “किती?”

“शून्य पॉइंट आठ सात.”

मॅडम उठल्या. गुडघा धरून, सावकाश, आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा, पुस्तकं हलवल्याचा आवाज येत राहिला. त्रिवेणीला वाटलं, त्या रडायला आत गेल्या असतील, आपण जावं की बसून राहावं. मग त्या आल्या, हातात एक जाड, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर. हैदराबादच्या दिवसांतलं. त्यांनी पान काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पानावर नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती, तिच्या प्रबंधाच्या सहा महिने आधीची. खाली मॅडमचं सरळ, बारीक अक्षर: ‘०.९४ सेकंदांपाशी उंचवटा. लहान. बहुधा गोंगाट. त्रिवेणीला सांगायची गरज नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. अक्षर तेच होतं, ज्याने तिच्या प्रबंधाच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईने ‘पुरावा?’ असं लिहिलं होतं.

“तुम्हाला दिसलं होतं,” ती म्हणाली.

“दिसलं होतं.”

“आणि तुम्ही मला…”

“नाही सांगितलं.” मॅडम वळल्या नाहीत. “तुझं सातवं वर्ष होतं. फेलोशिप संपलेली. आईचं आजारपण. तुझ्यासाठी गप्प राहिले असं म्हणायला मला बरं वाटलं असतं, आणि बरीच वर्षं मी तसं म्हणतही आले, मनाशी. पण खोटं आहे ते. मला विवर पायजे होतं, त्रिवेणी. मधलं. कुठल्याही परिस्थितीत पायजे होतं. तो उंचवटा नीट खोदला असता तर बहुधा तेव्हाच निघालं असतं हे. मी खोदलंच नाही. वही मिटली.”

त्रिवेणी रजिस्टर उघडंच बाजूला ठेवून अंगणातल्या नळाशी गेली आणि तिने तोंडावर पाणी मारलं. राग आला होता, पण त्या रागाला धरायला काही सापडत नव्हतं. सात वर्षं जी बाई ‘पुरावा?’ विचारत राहिली, तिने. टायफॉइडमध्ये भात कालवणाऱ्या हातांनी ही ओळ लिहिली होती. सांगायची गरज नाही. आपण कोण होतो तेव्हा? एक पोर, जिला विवर दिलं की गप बसेल? पाणी गळ्यावरून आत ओघळलं, गार, आणि त्या गारव्याबरोबर तिला मंगळवारची स्वयंपाकघरातली फरशी आठवली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. कुणाला फसवत नव्हती ती. फक्त पडताळत होती. बघू नंतर म्हणत होती. तीन दिवस. आणखी एखादा कसला तरी आधार मिळाला असता, एखादी परिषद, एखादं विज्ञान दिनाचं भाषण, तर तीन दिवसांचे तीन महिने झाले असते. आणि पुढे तीन महिन्यांची नऊ वर्षं होतात, हे तर त्या पानावर लिहिलेलंच होतं. ती ओढणीने तोंड पुसत परत रजिस्टरपाशी येऊन उभी राहिली. मॅडम पाठमोऱ्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, एका हाताने खुर्चीची पाठ धरून. त्यांनी रजिस्टर जाळून टाकलं नव्हतं. फाडलं नव्हतं. निवृत्तीच्या सामानात हैदराबादहून गंगाखेडला आणलं होतं आणि आज न मागता काढून दिलं होतं. आणि मग, असं दोन्ही बाजूंनी त्या पानाकडे बघता बघता, तिला आकडा दिसला. वाक्य नव्हे, आकडा. शून्य पूर्णांक नऊ चार. नऊ वर्षांपूर्वी नऊ चार. आता आठ सात.

“मॅडम,” ती ओरडलीच, “मॅडम, ते वेग घ्यायलंय!”

मॅडम वळल्या.

“नऊ वर्षांत. नऊ चारवरून आठ सात. वरून वायू पडायलाय आणि त्याला फिरवायलाय. म्हणजे तो उंचवटा गोंगाट नव्हता! आणि तेव्हा बारीक का दिसला, तर तारा ज्याचा वायू ओढतो त्या जोडीदार ताऱ्याभोवतीही फिरतो, त्यामुळे ठोके मागेपुढे सरकतात, एकमेकांत मिसळतात. मी या वेळेला ते सरकणं धरून शोधलं, म्हणून काटा आला. जुनी नोंद तशीच शोधली तर… सगळीकडे शोधायला दोन दिवस लागतील, पण कुठं शोधायचं ते आता आपल्याला माहीत आहे. तुमच्या वहीत आहे.”

मॅडम खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसल्या. नंतर म्हणाल्या, “जुनी नोंद उतरवून घ्यायला किती वेळ?” त्यांचा आवाज हैदराबादचा झाला होता. “इथलं नेट लय हळू आहे. जेवूनच घेऊ.”

नोंद उतरत राहिली आणि त्या दोघींनी पिठलं-भाकरी खाल्ली. मॅडमनी मधेच विचारलं, “अप्पांना सांगितलंस?” आणि त्रिवेणीने बेरिंगचं सांगितलं, तेव्हा त्या भाकरी हातात धरून हसत सुटल्या, ठसका लागेपर्यंत, आणि त्रिवेणीला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. तिने या आधी कधी त्यांच्या पाठीला हात लावला नव्हता. हाडं हाताला लागत होती. दुपारी दोनच्या सुमाराला आकडेमोड सुरू झाली. पावणेचारला संपली. दोघी एका खाटेवर, एका लॅपटॉपपुढे, कोपराला कोपर लावून बसल्या होत्या. खुरटी रेषा उजवीकडे उजवीकडे सरकत गेली, आणि नऊ चारपाशी काटा आला. मंगळवारच्या काट्याएवढा उंच नव्हता. पण काटा होता. त्याला गोंगाट म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

मॅडमनी स्क्रीनला बोट लावलं. लहान मुलाच्या गालाला लावावं तसं. “एवढंसं होतं,” त्या म्हणाल्या, “आणि मी त्याच्या डोक्यावर दोन हजार सूर्यांचं ओझं ठेवलं.” मग चष्मा पुसत, “मर्यादेच्या शंभर पट जळायलंय गं. कसं पेलत असेल? हे अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही.” त्रिवेणीने पाहिलं, तिने बसमध्ये पोटात दाबलेला तो बारीक आनंद इथे या म्हाताऱ्या तोंडावर उघडा पडला होता, जराही लाज न बाळगता. “आणि मधली विवरं?” तिने भीतभीत विचारलं. “असतीलच कुठंतरी,” मॅडम म्हणाल्या. “आपलं ते नव्हतं, एवढंच. दुसरं कुणी शोधील. आता लिहायला घे. आणि ते नऊ वर्षांपूर्वीचं पान त्यात आलं पाहिजे. तारखेसकट.”

“मॅडम, त्याची काय गरज आहे? आत्ता जुन्या नोंदीत सापडलं, एवढं पुरे आहे.”

“गरज आहे की नाही हे मागच्या वेळी मी ठरवलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “या वेळी लिही.”

त्रिवेणीने लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एक वाक्य राहिलं आणि तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला: याच आवर्तनाजवळचा एक दुर्बळ संकेत आम्ही नऊ वर्षांपूर्वी पाहिला होता, त्याकडे आमचं दुर्लक्ष झालं.

मॅडमनी चष्मा वर-खाली केला. “दुर्लक्ष होतं ते आपोआप. हे आपोआप झालं नव्हतं. ‘टाळला’ लिही.”

त्रिवेणीने ‘टाळला’ लिहिलं.

“आणि ‘आम्ही’ कशाला? मी टाळला. तुला माहीतसुद्धा नव्हतं.”

“निबंधात ‘मी’ चालत नाही, मॅडम. तुम्हीच शिकवलंय.”

“या एका जागी चालेल. तळटीप घाल.”

“नाही घालणार.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांत त्रिवेणी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणाली होती, आणि माफी न मागता म्हणाली होती. बाहेर ऊन अंगणातून नदीकडे उतरायला लागलं होतं. मॅडमनी हात पुढे करून वाक्याच्या शेवटी राहून गेलेला पूर्णविराम दिला, लॅपटॉप तिच्याकडे सरकवला, आणि म्हणाल्या, “बरं. आम्ही.”